माझ्या मुलीला आधी जेवायला वाढावं

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, तंत्रशाळेत यंत्रकाम शिकवणारी शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय करून ठेवत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. माझी मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर माझे वडील पहिली शंका तीच काढतील. रागात लिहिलं आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर हो असं आहे. रागावलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येतं, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

एक. माझं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीची. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार माझ्या धाकट्या बहिणीने पाहावा. गॅलरीच्या दाराची खालची कडी हलते. स्क्रू आणखी पिळून उपयोग नाही, भोकच मोठं झालं आहे. आत लाकडाची खुंटी ठोकून मग स्क्रू बसवावा. बहीण हे करणार नाही, तरी लिहून ठेवते.

दोन. माझा मायक्रोमीटर आणि बाकीची मोजमापाची साधनं शाळेच्या कार्यशाळेला द्यावीत. वेल्डिंगच्या सरांना मात्र ती उसनी देऊ नयेत. त्यांनी एकदा माझा मायक्रोमीटर दोन लोखंडी पत्रे धरून ठेवायला वापरला होता आणि वर म्हणाले, "अहो मॅडम, छान धरतोय की." हे सर या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. त्यांनी हे वाचावं.

तीन. माझ्या वर्गातला तुटक्या ड्रिलांचा ट्रे कोणी भंगारात काढू नये. भोक पाडताना ड्रिल तुटलं की तुकडा ट्रेमध्ये ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून तो का तुटला ते पाहायचं. कोणी तोडलं, हे मी विचारत नाही. विचारलं की मुलं तुकडा खिशात घालतात आणि निम्मं ड्रिल भोकात अडकलेलं राहतं. पुढच्याने मशीन सुरू केलं की ते उडून तोंडावर येतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. हे मी घरी शिकले.

चार. मुलीचा ताबा. हे मृत्युपत्र मुख्यतः या कलमासाठी आहे.

मुलीच्या वडिलांनी ताब्यावरचा हक्क कोर्टात सोडला आहे. त्यांच्याशी माझा वाद नाही, कारण अपेक्षाही नाही. वाद माझ्या वडिलांशी आहे. मला काही झालं तर नात आपल्याकडेच राहील, असं त्यांनी नातेवाइकांना आताच सांगून टाकलं आहे.

ते मुख्याध्यापक होते. घरी रात्रीच्या जेवणाआधी आम्ही दोघी बहिणींनी त्या दिवसाची एकेक चूक सांगायची, मग ताटात वाढलं जायचं. ते स्वतः सांगत नसत, ते ऐकत. काही चुकलं नाही म्हटलं तर तो अहंकार ठरे. म्हणून आम्ही चुका रचायला लागलो. बहिणीचा त्यात हातखंडा होता. शेजारच्यांच्या कुत्र्याला दगड मारला, हे तिने कितीदा तरी कबूल केलं. शेजारच्यांकडे कुत्रा नव्हता.

एकदा जेवण झाल्यावर तिचा हात गरम इस्त्रीवर पडला. त्या दिवशीची चूक सांगून झाली होती. दुसऱ्या दिवशी सांगावं तर ती लपवलेली चूक ठरणार, आणि लपवण्याची शिक्षा म्हणजे आठवडाभर अबोला. तिने लांब बाह्यांचा फ्रॉक घातला. हात चिघळल्यावर दवाखान्यात डॉक्टरांनी इतका उशीर का केला म्हणून विचारलं. वडील म्हणाले, "आमच्या घरात मुलं काही लपवत नाहीत." त्यांना ते खरंच वाटत होतं. बहिणीची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या तपासण्या होत्या आणि बहीण परगावी होती, म्हणून मुलगी त्यांच्याकडे ठेवावी लागली. जेवणाआधीचा तो प्रश्न तिला विचारायचा नाही, हे मी स्पष्ट सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले. ती परत आली त्या दिवशी जेवायला बोलावलं तर खुर्चीशेजारी उभीच राहिली. म्हणाली, "आधी चूक सांगू ना?" मग तिने निळा पेला फोडल्याचं सांगितलं. मी कपाट उघडून पाहिलं. निळा पेला जागेवर होता. ती सात वर्षांची आहे.

मी वडिलांकडे गेले. ते म्हणाले, "तुला असंच घडवलं. बघ कुठे पोचलीस."

मी म्हटलं, "वर्षभर धाप लागत होती, बाबा. कोणालाही सांगितलं नाही. तिथे पोचले."

त्यावर ते म्हणाले, "म्हणजे चूक तुझीच."

सबब मुलीचा ताबा माझ्या बहिणीकडे राहील. तिच्या घरात ओले टॉवेल खुर्चीवर असतात, वेळेवर काही होत नाही, आणि मुलगी दोन वेगळे मोजे घालून शाळेत जाईल. मला याचा त्रास होतो. तरीही ताबा तिच्याकडेच. "ताई, मी बिघडवीन हं तिला," असं ती म्हणाली. मी म्हटलं, बिघडव.

वडिलांनी नातीला बहिणीच्या समोर भेटावं, जेवणाच्या वेळी नाही. माझ्या मुलीला आधी जेवायला वाढावं. काही सांगावंसं वाटलं तर ती खाता खाता सांगेल, नाही वाटलं तर नाही.

पाच. आईला मी काहीही ठेवलेलं नाही. प्रश्न वडील विचारत, पण उत्तर येईपर्यंत वाढायचा डाव हातात धरून ती उभी राहत असे. हात तिचा होता.

पुढचा मजकूर वकीलबाईंच्या सूचनेवरून जोडत आहे. दुसऱ्या साक्षीदार म्हणून येणाऱ्या शेजारीणबाई दुपारपर्यंत पोचल्या नाहीत. तेवढ्यात आई एकटीच आली. तिने कागद मागितले, मी दिले. चष्मा लावून तिने सगळं वाचलं. पाचवं कलम पुन्हा वाचलं. मग वकीलबाईंना विचारलं, "मला यात काही मिळत नाही ना?" त्या म्हणाल्या, नाही. "मग माझी सही चालेल?" त्या म्हणाल्या, चालेल. वेल्डिंगचे सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मी आईला म्हटलं, "मी काही बदलणार नाही."

"बदलू नकोस," ती म्हणाली. "पेन दे."

ठिकाण: रुग्णालय, स्त्रियांचा कक्ष
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस

मृत्युपत्र करणार: (सही)

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली:
साक्षीदार १: वेल्डिंगचे शिक्षक (सही, वाचलं, मान्य आहे)
साक्षीदार २: मृत्युपत्र करणारीची आई (सही)