खिडकीजवळचा माग

प्रिय ताई,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

आपल्या बंद पडलेल्या कापड गिरणीचं आता संग्रहालय झालंय. जुने माग बघायला लांबून माणसं येतात आणि बाबा त्यांना गिरणीचा इतिहास सांगतात. आज त्यांना न कळवता मीही तिकीट काढून गर्दीत मागे उभी राहिले. भोंगा झाला की गाव कसं जागं व्हायचं, मागांच्या खडखडाटात बायका नुसत्या ओठांवरून कशा बोलायच्या, हे ऐकताना लोक हरखून गेले होते.

मग खिडकीजवळच्या तुझ्या मागावर हात ठेवून बाबा म्हणाले, "इथं माझी थोरली लेक काम करायची. पट्ट्यात वेणी अडकली आणि जागच्या जागी गेली."

गिरणीतल्या फिटरशी लग्न करून तू गेलीस, सुखात आहेस, मला तुझे फोन येतात. आणि इथं लोक तुझ्यासाठी डोळे पुसत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, असं अभद्र बोलवलं तरी कसं तुम्हाला?"

बूट काढता काढता ते म्हणाले, "पळून गेलेल्या पोरीचा विषय निघाला की लोक हसतात गं. मेलेल्या पोरीबद्दल मला बोलू तरी देतात."

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू धावत येशील आणि बाबांना गिरणीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण गर्दीतल्या एका बाईंनी लेकीचं नाव विचारलं, तेव्हा बाबांनी ते घेतलं. घरात ज्या नावावर बंदी आहे तेच, आणि तेही लाडाचं.

तुझी,
धाकटी