तेस्फायेंचा राजा

शुक्र. ११ सप्टें. ८७, कोलंबस
आज घोळ केला. हॉस्पिटलच्या पार्किंग बूथवर तेस्फाये बसतात, इथिओपियाचे, साठी उलटलेली. लॅबला जाताना चार वर्षं रोज गुड मॉर्निंग. गाडीत रेडिओवर ऐकलं, त्यांचा देश रीतसर प्रजासत्ताक झाला. मी काच खाली करून, "काँग्रॅच्युलेशन्स!" हातही पुढे केला. त्यांनी हात घेतला नाही. अनोळखी माणसाला द्यावं तसं तिकीट दिलं.
दिवसभर लक्ष नाही. आमच्या नागपूरच्या घरी २६ जानेवारी म्हणजे सण. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून घटनेची उद्देशिका मोठ्यानं वाचायचे, आम्ही उभे. या शब्दानं कुणाला दुखेल असं डोक्यातच...

सोम. १४
माफी मागितली. "मिसेस कुंदा, तुमची चूक नाही," म्हणाले. लंच ब्रेकमध्ये बाकावर बसून सांगितलं. राजवाड्याच्या गॅरेजमध्ये ड्रायव्हर होते. राजघराणं तीन हजार वर्षांचं, असं तिकडे मानतात. शेवटचा बादशहा ऐंशीच्या पुढचा. तेरा वर्षांपूर्वी सकाळी लष्करी अधिकारी आले, कागद वाचून दाखवला, संपलं. गॅरेजमध्ये लांबच लांब गाड्या उभ्या, आणि त्याला नेलं एका छोट्या फोक्सवॅगनमधून. पुढची सीट वाकवून मागे बसवलं.
"मी त्या सकाळी मोठी गाडी पुसून ठेवली होती."
मग त्याच अधिकाऱ्यांचं राज्य. माणसं उचलून न्यायचे. आता त्यांनीच त्या राज्याला प्रजासत्ताक म्हणायचं ठरवलंय.

घरी नवऱ्याला सांगितलं. सुधीर भडकला. "राजाच्या ड्रायव्हरचा कसला पुळका? माझ्या आजोबांना संस्थानाच्या पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही यार. राजे गेले ते बरंच झालं." खरंय त्याचं. पण तेस्फायेंचा चेहरा काही जाईना.

रवि. २७
तेस्फाये दुपारी जेवायला. सुधीर मोजकं बोलत होता. वरण-भात, वांग्याची भाजी. आमची पल्लवी नऊ वर्षांची, ती गप्प कशी बसेल! "काका, वॉज युअर किंग अ गुड मॅन?"
त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग, "माझ्याशी चांगला होता."
आणि पुढे आपणहून. उत्तरेला वोल्लो प्रांत, त्यांचं मूळ गाव तिथलं. दुष्काळ पडला, राजधानीत कुणी नाव काढायचं नाही. तेस्फाये राजवाड्याच्या पाहुण्यांना घेऊन तिथल्या रस्त्यानं चालले होते. दोन्ही कडेला माणसं बसलेली, काही आडवी. एका बाईनं हात वर केला. थांबायचं नाही असा हुकूम. थांबले नाहीत. त्यांची बहीण त्याच वर्षी त्याच रस्त्यावर भुकेनं गेली.
"ती तीच होती का, माहीत नाही. मी आरशात पाहिलं नाही."
सुधीर उठला. त्यांच्या ताटात भात वाढला, वर तूप.

शनि. ३ ऑक्टो.
तेस्फायेंची मुलगी सेलाम सिअ‍ॅटलला असते. विद्यार्थी असताना राजाविरुद्ध मोर्च्यांत होती. पुढे नव्या सरकारनं तिचा नवरा नेला, परत आला नाही. ती सुदानमार्गे पळाली. बापाशी सात वर्षं अबोला, आवाज ऐकला की फोन ठेवते. म्हणून त्यांनी मला फोन करायला सांगितलं. "येशील का, एवढंच विचारा."
केला. ती थंडपणे, "बादशहाच्या गोष्टी सांगितल्या असतील."
"नाही. वोल्लोच्या रस्त्याचं सांगितलं."
तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"काय सांगितलं?"
मी ऐकलं तसं सांगितलं, त्या बाईच्या हातासकट.
"मी तेव्हा विचारलं होतं. शपथेवर म्हणाले, रस्ता रिकामा होता." आवाज फाटला तिचा. "आत्या गेल्यावरसुद्धा तेच म्हणाले." फोन ठेवला.
मी सांगायला नको होतं का? तो माणूस माझ्यावर भरवसा ठेवून बोलला होता.

बुध. १४
तेस्फायेंना सगळं सांगून टाकलं. रागावतील वाटलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं झालं. मला तिच्यासमोर जमलं नसतं."
संध्याकाळी सेलामचा फोन. येते, पण त्यांच्या खोलीवर राहणार नाही. सुधीरनं माझ्या हातातून फोन घेतला. "आमच्याकडे उतर," म्हणाला.

शनि. ७ नोव्हें.
विमान वेळेवर. सेलाम उंच, बारीक, केस आखूड. बापाला पाहून थांबली. मिठी नाही, काही नाही. लाउंजमध्ये बसले, मध्ये एक खुर्ची रिकामी. तेस्फाये त्यांच्या भाषेत बोलत होते, आधी अडखळत, मग सलग. ती जमिनीकडे बघत. एकदाच काहीतरी विचारलं, फार हळू. त्यांनी मान हलवली. हो की नाही, तिथली मान मला कळत नाही.
आम्ही लांब उभे. पल्लवी म्हणाली, "मॉम, आर दे फायटिंग?"
"माहीत नाही गं."
तिचं परतीचं तिकीट उद्या दुपारचं. आता ती वरच्या खोलीत आहे, तेस्फाये खाली सोफ्यावर, कोट न काढता. घरी सोडू का विचारलं तर म्हणाले, "ती जा म्हणेपर्यंत बसतो."
जिन्यावर वरून खाली येणारं पाऊल वाजलं आत्ता.