लाखावरची एक वात

रिसोड, मार्गशीर्ष, सन १९३६

राजमान्य राजश्री शालिग्रामराव यांस बापूराव मास्तराचा नमस्कार. तुमची, आवडावहिनींची आणि दोन्ही बैलांची प्रकृती उत्तम असेलच. माझी नाही.

काल माझ्या तपकिरीच्या डबीत कापूस निघाला. चिमूट ओढली आणि नाकात वात गेली. (पेटलेली नव्हती, एवढीच देवाची कृपा.) वीस वर्षे मास्तरकी केलेल्या नाकाला इंग्रज सरकारनेही असे छळले नव्हते. याला जबाबदार तुम्ही.

भाद्रपदात मी मुदतीच्या तापाने पडलो, तेव्हा तुमच्या बहिणीने, रुख्मिणीने, महादेवाला लाख वाती बोलल्या. इथवर ठीक. लाख हा मनमिळाऊ आकडा आहे; दोन येवो, पाच येवो, सोळा येवो, पंचवीस येवो, सगळ्यांना सारखे वाटून मोकळा होतो. रोज हजार, शंभर दिवसांत नवस फिटला असता. पण तुम्ही मानोऱ्याहून समाचाराला आलात आणि माझ्या खाटेशी बसून बोललात, "बाई, लाखावर एक ठेव वं. शगुनाले एक लागतेच." (आहेराची अक्कल नवसात!) त्यावर शेजारच्या हिरीबाईने नियम घातला: रोज सारख्याच वाती लावायच्या, शेवटच्या दिवशीही कमी नाही की जास्त नाही. "बाकी राह्यली, तं नवसच बाकी राह्यला समज."

"अवो, तुमी मास्तर ना? करा मंग भागाकार," रुख्मिणी म्हणाली.

केला. शेवटी एक, म्हणून दोन आणि पाच दारातूनच परतले. अंकांची बेरीज दोन, म्हणून तीनही गेला. साताने सहा उरले, तेराने पाच. चांगला चारचौघांतला लाख, तुमच्या एका एकाने माणूसघाणा झाला! अकराने मात्र भाग गेला, भागाकार नऊ हजार एक्क्याण्णव. तो फोडायला एकोणनव्वदपर्यंतचे आकडे लावले. पाटी फुटली, तो फुटला नाही.

म्हणजे वाटा दोनच. (सगळ्या एका दिवसात, किंवा रोज एक याप्रमाणे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे, या वाटा मी घरात उच्चारल्या नाहीत.) अकरा दिवस रोज नऊ हजार एक्क्याण्णव लावल्या तर घर पेटेल. रोज अकरा लावल्या तर पंचवीस वर्षांना सव्वा-दीड महिना कमी. मला वाटले, हे ऐकून ती हात टेकेल. ती खुदकन हसली.

"मंग रोज अकराच. नवस फिटल्याबिगर देव तुमाले कायले नेते?"

मी आज अठ्ठेचाळीस वर्षांचा. त्र्याहत्तरपर्यंत वरणात कापूस खात जगायची शिक्षा झाली आहे, अपील नाही. तरी मिळेल त्या मोटारीने या, 'तो एक मी थट्टेत बोललो' असे बहिणीला सांगा आणि मला सोडवा.

कळावे,
तुमचा भाऊजी बापूराव

ता. क. येताना सरकी काढलेला कापूस आणावा. पुष्कळ.

पुन्हा ता. क. येऊच नका, कापूस तेवढा धाडा. आज रुख्मिणीचे अंग कसकसत होते, ती पडून होती. दिवेलागणीला पाहिले तर ताटात दहाच वाती. मांडीवर एक वळली. वाकडी झाली, पण पेटली. आतून तिने विचारले, "किती झाल्या वो?" अकरा, म्हटले. खोटे नव्हते.