दोनशे चौदा पॅकेजं आणि एक थाप

जावईबापू,

दूध फ्रिजमध्ये आहे. चहा करून घ्या, तेवढं तुम्हाला जमतं असं मुलगी म्हणाली होती.

कॉम्प्युटर सुरू झालाय. जागा करायची म्हणून काल तुम्ही ‘हे पायथन कुणाला लागतंय’ म्हणत ते काढून टाकलंत. त्या एका प्रोग्रामच्या जिवावर दोनशे चौदा पॅकेजं, म्हणजे बाकीचे लहानमोठे प्रोग्राम, उभी होती. यंत्र बिचारं यादी दाखवून ‘काढू ना?’ असं विचारतं. पण वाचायचे कष्ट नकोत म्हणून तुम्ही आज्ञेच्या शेपटाला आधीच ‘हो’ बांधलात. स्क्रीन काळी पडल्यावर बायकोला काय सांगितलंत? ‘बाबांनी काहीतरी दाबलं, आईची रेकॉर्डिंगं गेली.’ पोरगी कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

तिच्या आईचा आवाज जागेवर आहे. पॅकेज काढलं की वाजवणारा प्रोग्राम जातो, फाइली नाहीत. सगळं मी पुन्हा बसवलंय.

टेलिफोन खात्यात असताना मी चुकीची वायर ओढून अख्खं गाव तीन दिवस मुकं केलं होतं. न्यायाधीश खुणांनी निकाल देत होते. पण ‘मीच ओढली’ हे साहेबाला मी स्वतः जाऊन सांगितलं.

कुणी, किती वाजता, काय काढलं, ते यंत्र लिहून ठेवतं. तुमच्या नावाचं ते पान स्क्रीनवर उघडं ठेवलंय. तुम्ही साडेपाचला येता, ती सहाला. अर्ध्या तासात ते पुसायला शिकाल, एवढी तुमची झेप नाही. खरं बोलायला जमतंय का, बघा.

– काहीही न दाबलेला तुमचा सासरा