एका मिनिटाची रांग

सोमवार, ४ मार्च

आज धाकट्याने मला माझंच काम समजावून सांगितलं! मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत, फळ्यावर चौकोन काढून. "हॉस्पिटलच्या नर्सेसच्या पाळ्या लावायच्या, तर त्यातला अवघड भाग आपलं क्वांटम मशीन सोडवतं. उरलेलं किरकोळ साध्या कॉम्प्युटरवर." किरकोळ! म्हणजे माझा प्रोग्राम. बारा वर्षं घासूनपुसून उभा केलेला. सख्खा भाऊ माझा — याला भागाकार मी शिकवलाय.

शुक्रवारी हॉस्पिटलचे लोक निकाल बघायला येणार. त्यांची सही झाली की महिनाअखेर माझा विभाग बंद. साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. गोड बोलणाऱ्यांची मला आधीपासूनच चीड आहे.

मंगळवार, ५ मार्च

आईचा फोन. "नाव काढलं हो तुझ्या भावाने!" मी म्हटलं, हो.

बुधवार, ६ मार्च

जायच्या आधी आवराआवर म्हणून जुन्या नोंदी चाळत होते. चाळता चाळता थबकलेच.

आमच्या क्लाउडवर काम टाकलं की ते आधी क्वांटम मशीनच्या रांगेत लागतं. मशीन आमचं नाही, भाड्याचं, दूर कुठेतरी गोठवून ठेवलेलं. जगभरचे लोक त्याच रांगेत. एका मिनिटात नंबर लागला नाही, तर खोळंबा नको म्हणून अख्खं काम साध्या कॉम्प्युटरकडे वळतं — माझ्या प्रोग्रामकडे. तीन महिन्यांत बाराशे कामं टाकली. नंबर किती वेळा लागला? एकदाही नाही! उत्तरं बरोबर येत होती, मग काम कुठल्या मशीनने केलं तो रकाना उघडून बघतो कोण? धाकट्यानेही बघितला नाही. टाळ्या घ्यायला मात्र पुढे.

एकटीच हसत सुटले. मग रडू आलं, रागाचं.

गुरुवार, ७ मार्च

सांगितलं तर माझी नोकरी वाचेल, त्याची जाईल. गप्प बसले तर तो राहील, मी जाईन. आधी त्यालाच गाठून सांगावं? तो म्हणणार, "ताई, माझं चांगलं झालं की तुझ्या पोटात का दुखतं?" लहानपणापासून हेच ऐकतेय. नको.

संध्याकाळी तोच टेबलाशी येऊन उभा. चेहरा उतरलेला. "ताई, जरा बोलायचं होतं." आला असेल माझी समजूत काढायला! "वेळ नाही मला," म्हटलं. तरी घुटमळला. पुन्हा तेच म्हटलं. गेला.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळ

नऊ वाजता साहेबांना मेल केला. नोंदी जोडून. बाराशेपैकी शून्य — आणि चूक कुणाची, तेही नावानिशी. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

शुक्रवार, संध्याकाळ

अकरा वाजता पाहुण्यांसमोर धाकटा उठून उभा राहिला. "आमचं क्वांटम मशीन एकदाही चाललेलं नाही. मला काल दुपारी कळलं. चूक माझी. ही सगळी उत्तरं माझ्या ताईच्या प्रोग्रामची आहेत."

साहेब म्हणाले, "बसा. तुमच्या ताईंचा मेल नऊलाच आलाय."

तो बसला. माझ्याकडे बघितलं नाही.