थंड आहे, वास नाही

१४ फेब्रुवारी

सकाळी सकाळी पंडितजींचा फोन. सिविल लाइंसमधल्या लग्नांची जेवणं करतात ते. "बळवंतजी, ये पोदीना भेजा है कि बाम? बाराती चटनी चखके पूछ रहे थे, जुकाम किसको हुआ है!" हसत बोलले. पण हसण्याआधी श्वास सोडला त्यांनी, म्हणजे माणूस आतून तापलेला. एवढं मला ऐकू येतं. वडील भुसावळहून रेल्वेच्या बदलीने इकडे सांगानेरला आले, निवृत्त होऊन परत गेले. मी राहिलो आणि सायकलला जुड्या बांधून ओरडत फिरलो. गिऱ्हाईक 'नको' कसं म्हणतं, त्यावरून उद्या घेणार की नाही ते ओळखायचो. सगळा धंदा या दोन कानांवर.

नाक मात्र सुलोचनाचं. माझं शोभेचं! सांगानेरच्या आमच्या जागेत पाच जातींचा पुदिना आहे. चटणीचा देशी, बामाच्या वासाचा जपानी, हॉटेलवाल्यांच्या चहाचा पेपरमिंट, सरबताचा लिंबू-पुदिना आणि जलजीऱ्यावाले नेतात तो पहाडी. वाफे वेगळे करून उपयोग नाही. धुमारे मातीखालून शेजारच्याच्या घरात शिरतात, आणि कोवळी असताना पानं सगळी भावंडांसारखी. म्हणून ही रोज सकाळी वाफ्यांच्या कडेला पाट टाकून बसायची. जुडीतलं एक पान चुरडायचं, हुंगायचं, जुडी पाटीत. "हा चटणीचा. हा बामाचा. हा तुमच्या साहेबलोकांचा." माझी पत्नी आहे म्हणून सांगत नाही, एकदासुद्धा चुकली नाही.

जानेवारीतला तिचा ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. परवा जुड्या मी लावल्या. चटणीच्या पाटीत जपानी गेला.

तिला सांगितलं नाही. तिनेच विचारलं, "कुणाचा फोन होता? चटणीचं काय झालं?" भिंतीपलीकडचं ऐकणारा मी एकटाच नाही या घरात.

१५ फेब्रुवारी

सुलोचना वाफ्यात आली नाही. पाट भिंतीला टेकवून ठेवला.

१९ फेब्रुवारी

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. प्रणाली बँकेतून सुट्टी टाकून आली होती. डॉक्टर म्हणाले, नाकाला व्यायाम द्यायचा. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा. "आ भी सकता है, टाइम लगेगा." म्हणजे न येऊही शकतो. प्रणालीने बाहेर आल्यावर विचारलं, "बाबा, मतलब, पक्का काहीच नाही ना?" पोरगी इथेच वाढली, मराठी अडखळत बोलते, पण मुद्द्याला हात घालते.

सुलोचनाने संध्याकाळी पोहे केले. दोन घास खाल्ले. "ओला पुठ्ठा चावतेय मी," म्हणाली आणि बशी सरकवली. रोज असंच. ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागलेत. मी म्हटलं, तिखट घालून बघ. "जीभ भाजते हो. चव नाही येत."

मी काय करू? गिऱ्हाईक असतं तर पटवलं असतं.

२७ फेब्रुवारी

आला!!

डॉक्टरांच्या चार बाटल्यांच्या जोडीला माझे पाच पुदिने ठेवले मी. जिचं आयुष्य पुदिन्यात गेलं तिला निलगिरी कशाला हुंगवायची? डोळे मिटायला सांगितले. लवंग — नाही. लिंबू — नाही. मग एक पान चुरडून नाकाशी धरलं. कपाळ हललं तिचं. "अहो! येतंय! येतंय काहीतरी!" जपानी! मग पेपरमिंट दिला. "हासुद्धा!" डोळे उघडले तर पाण्याने भरलेले. मीही काही कोरडा नव्हतो.

शेजारच्या कागदाच्या कारखान्यात सगळ्यांना कलाकंद वाटला. लगदा ढवळणारे लोक ओले हात पुसून पुसून घेत होते. "भाईसाब, पोता हुआ क्या?" म्हटलं, त्याहून मोठं!

देशी कळला नाही तिला. लिंबू-पुदिनाही नाही. येईल. लांबून येणारा आवाज नाही का, आधी ढोल ऐकू येतो, मग सनई. तसंच असणार.

४ मार्च

तसं नसतं.

डॉक्टरांना मोठ्या दिमाखात सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग मलाच विचारलं, "गाल पे बर्फ रखें तो ठंडा लगेगा ना? वो सूँघना थोड़े ही हुआ, अंकलजी." जपानी आणि पेपरमिंटमध्ये मेंथॉल असतं. ते नाकाच्या आत थंड लागतं, आणि थंड सांगणारी नस वेगळी, वास सांगणारी वेगळी. तिची पहिली धडधाकट आहे. चटणीच्या देशीत तो थंडावाच नसतो, म्हणून तिथे ती नस गप्प राहिली.

इतकी वर्षं पुदिना विकतोय, वासातून थंडावा वेगळा काढता येतो हे कुणी सांगितलं नाही मला!

रिक्षाने परत निघालो. टोंक रोडला सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "कलाकंद फुकट गेला बघा तुमचा." आणि हसली. माझ्याकरता हसली, ते ऐकू आलं.

५ मार्च

थंड आहे. वास नाही.

१२ मार्च

आज शेजारच्या रमाभाभी धावत आल्या. "कुछ जल रहा है!" मी मागे पाणी देत होतो, पोचेपर्यंत त्यांनीच गॅस बंद केलेला. डाळ तळाला काळी ठिक्कर, खोलीभर धूर. आणि सुलोचना तिथेच दोन हातांवर ओट्याकडे पाठ करून भाजी निवडत बसलेली! धुराने डोळे चुरचुरले तर म्हणे वाटलं, कांद्याने असेल.

भाभी गेल्यावर पातेलं घासत राहिली. मी म्हटलं, राहू दे, दुसरं आणू. तर एकदम म्हणाली, "तुम्ही एक करा. रोज सकाळी बाटली धरून माझ्या तोंडाकडे बघता ना, ते बंद करा. परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं मला. नापास झाले की तुमचं तोंड बघवत नाही."

बाटल्या कपाटात ठेवल्या. मी तिच्यासाठी करू शकत होतो ती एवढी एकच गोष्ट होती. तीही गेली.

२१ मार्च

पुदिना मीच निवडायचं ठरवलं. वास नाही तर चव, म्हणून प्रत्येक जुडीतलं पान चावायचं. सातआठ जुड्या झाल्या आणि जीभ बधिर! पुढे सगळे जपानी. चूळ भरली, गूळ खाल्ला, पुन्हा बसलो. ऊन चढलं, पानं माना टाकायला लागली, निम्म्या जुड्या तशाच. पंडितजी आता बगरूकडच्या कुणाकडून नेतात असं कानावर आलं. बरोबर आहे त्यांचं. नवरदेवाला बाम कोण चाटवेल?

दुपारी घरी आलो तर आतल्या खोलीत बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज. मी चपला हातात घेऊन पॅसेजमध्ये उभा. लांब श्वास. थांबली. पुन्हा श्वास. मग तिचा आवाज, अगदी हळू, लहान पोराला विनवल्यासारखा — "अगं, बोल की काहीतरी."

झाकण लागलं. दुसरं उघडलं.

मी मागच्या पावली बाहेर गेलो, फाटक मुद्दाम वाजवलं आणि "आहेस का गं?" करत आत आलो. ती कपाटाजवळ पदर सारखा करत होती. "चहा ठेवू?" म्हणाली. म्हटलं ठेव.

२ एप्रिल

आला. खरा आला.

सकाळी पाटी घेऊन दारात पाऊल टाकलं तर आतून ओरडली, "काय सडलंय हो? गटार फुटलंय का?" धावत आत गेलो. तशी पदर नाकाला लावून भिंतीशी सरकली. "तुम्ही! तुम्हालाच येतोय!" जुडी पुढे केली तर ओकारी आली तिला. देशी, जपानी, पाचही जाती गटार. लवंग मात्र ओळखली. डॉक्टर फोनवर म्हणाले, होता है, वापस आते-आते कुछ ख़ुशबुएँ उलटी हो जाती हैं. ठीक होगी कि नहीं, कह नहीं सकते.

अंगणात साबणाने हात धुतले. सदरा बदलला. पुन्हा धुतले. "अजून येतोय! तिथूनच बोला!"

आत ताट वाढून घेतलंय तिने. वांग्याची भाजी. दुसरी पोळी मोडल्याचा आवाज आला.

मी फाटकाशी उभा आहे.