‘ओपन’ची खरी वाक्यं

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या वाट्याला ‘ओपन’ आलं! उघडणे. रविवारी वर्गासमोर उभं राहून शिकवायचं. बाजारातल्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाच्या शुआन बाईंची रीतच तशी – वरच्या वर्गात जायचं तर एक इंग्रजी क्रियापद घ्या आणि बाकीच्यांना शिकवा. मी याआधी दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा तोंडातून शब्द फुटला नाही. फळ्यावर स्पेलिंग मात्र एकही चुकलं नव्हतं.

मी काम करतो त्या गाळ्याच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे लोऊ मावशींच्या, कानावर गेलंच. “हे शेवटचं हं, रुआन. जमलं तर गाळ्याच्या पुढच्या खुर्चीत तू, परदेशी गिऱ्हाईक तुझं. नाहीतर माझा भाचा येतोय गावाहून. तू जा गोदामात, केसांच्या क्लिपा मोजायला.”

झोप येणार नाही आज.

४ नोव्हेंबर

पुस्तकातली वाक्यं सुवाच्य उतरवून बाईंना दाखवली. ‘टॉम खिडकी उघडतो.’

“हा टॉम कोण? ओळखीचा आहे?”

“नाही, बाई.”

“मग त्याच्या खिडकीशी तुला काय करायचंय? तुझी वाक्यं आण. खरी.”

खरी! नववीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी हा बाजार सोडून काही पाहिलेलं नाही.

५ नोव्हेंबर

दिवसभर नुसतं ऐकत होतो. आम्ही चिनी माणसं एकाच शब्दाने काय काय ‘उघडतो’! दिवा उघडतो, नळ उघडतो, मोटार उघडतो, सभा उघडतो. डॉक्टर औषध लिहून देत नाही, उघडून देतो. पाण्याला उकळी आली की पाणी उघडलं! इंग्रजीत यातलं बहुतेक काही ‘ओपन’ होत नाही. सगळ्याला वेगवेगळे शब्द. सगळे पाठ केले.

खरी वाक्यं: मावशी कुलूप उघडतात. मी खोकी उघडतो. आईने माझ्या नावाने बँकेत खातं उघडलं. माझ्या खोलीची खिडकी उघडत नाही.

शेवटचं ठेवावं की नाही?

७ नोव्हेंबर

घसा बसलाय असं वाटतंय. बोलून पाहिलं – बसलेला नाही.

८ नोव्हेंबर

मावशींनी तळलेल्या कणकेची, गुळाची कुरकुरीत वेणी खायला दिली. म्हणजे चिडलेल्या नाहीत. “पुढच्या खुर्चीचं खरं काम संध्याकाळीच असतं. गिऱ्हाइकाला जेवायला न्यायचं, हसायचं, पेला रिकामा होऊ द्यायचा नाही. मी जन्मभर कॅल्क्युलेटर दाखवून आणि हातवारे करून भागवलं. तू बोल.”

९ नोव्हेंबर, रविवार

आधी घडलं तसं लिहितो.

उभा राहिलो. फळ्यावर ‘ओपन’ लिहिलं, स्पेलिंग बरोबर. सगळे बघतायत. छत्रीवाल्या फांग काकू ओरडल्या, “अरे, दिवा ओपन करू का? तुझं थोबाड दिसत नाहीये!”

हशा. आणि मी – मी! – म्हणालो, “दिवा ओपन होत नाही, काकू! आत काय छत्र्या भरल्यात?”

मग कोणी थांबेना. मोजे विकणारे जिन आजोबा हट्टालाच पेटले. “बरं, मोटार?”

“मोटार ओपन केलीत तर दार उघडेल, आजोबा. चालणार नाही.”

“पाणी?”

“नाही.”

“मग या गोऱ्यांकडे उघडतं तरी काय?”

“दुकान उघडतं.”

“मग झालं तर! मला तेवढंच लागतं.”

‘माझ्या खोलीची खिडकी उघडत नाही’ – हे सगळ्यांनी माझ्यामागून एका सुरात इंग्रजीत म्हटलं. लगेच फांग काकूंचा सल्ला, “रंगाने चिकटली असेल, फटीतून सुरी फिरव.”

पास! पण त्याहून मोठं म्हणजे निघताना जिन आजोबांनी जिन्यात गाठलं. त्यांना दर आठवड्याला सगळं विसरायला होतं. डोळे मिटून म्हणाले, “आय ओपन माय शॉप.” बरोब्बर! पुन्हा म्हणाले. फाटकापर्यंत म्हणतच गेले.

१० नोव्हेंबर

पुढच्या खुर्चीत बसलो. एक दाढीवालं परदेशी गिऱ्हाईक आलं, बोललो, त्याला समजलं. मावशींनी पाठ थोपटली. संध्याकाळी त्याला जेवायला नेलं, त्यामुळे वर्ग बुडाला. मासा उत्तम होता. माझं मन मात्र तिकडेच – आज जुन्या वर्गात ‘क्लोज’ होतं. आजोबांना कोणी समजावलं असेल?

११ नोव्हेंबर

शुआन बाई गाळ्यावर आल्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, नवशिक्यांचा वर्ग कोणीतरी घ्यायला हवा. “पगार नाही. चहा मिळेल. पण रोज संध्याकाळी यावं लागेल.”

विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करणार!

१२ नोव्हेंबर

संध्याकाळी मला वर्ग घ्यायचाय, खुर्ची भाच्याला द्या, असं मीच मावशींना सांगितलं. “वेडा की खुळा?” एवढंच म्हणाल्या. दिवसभर गोदामात मी आणि क्लिपा. संध्याकाळी खडू घेऊन वर्गाकडे वळलो, तर मागच्या बाकावर कोरी वही घेऊन लोऊ मावशी! चष्मा पुसत म्हणाल्या, “हं मास्तर, करा सुरू.”